टोचलेल्या अळ्यांचं वजन

१

मुंगी लबाड आहे, असं लिहिलेला कागद माझ्यासमोर टेबलावर पडला होता. त्यावर फक्त एक सही व्हायची बाकी होती.

शब्द अर्थात याहून सभ्य होते. ‘संशोधनात हेतुपुरस्सर केलेली फसवणूक’ वगैरे. पण चौतीस वर्षं मी याच इमारतीत जंतूंच्या प्लेटा ओतल्यात. सभ्य शब्दांच्या खाली काय असतं ते मला चांगलं कळतं.

“मावशी, शुक्रवारी मला सही करावीच लागेल,” संचालकबाई म्हणाल्या. “तिचं नाव संस्थेतून कमी होईल. नंतर कुठलीही प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नाही.”

“मग करा की सही. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. माझे गुडघे धड पंधरा मिनिटं बसू देत नाहीत, आणि तुम्ही मला तीन जिने चढायला लावलेत.”

“ती रडली असती, भांडली असती, तर मी कधीच सही केली असती. ती म्हणाली, मी काही मिसळलेलं नाही, आणि ते कुठून आलं हे तुम्हाला कळलं तर मलाही सांगा. असं कोण म्हणतं हो?”

मी खुर्ची ओढून बसले. गुडघे गेले खड्ड्यात.

मुंगी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची संशोधक मुलगी. अंगानं एवढीशी आणि एका जागी बसायची नाही, म्हणून मुंगी. तीन वर्षं तिनं पिठातल्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर काढली. आता अळीला काही दवाखाना नसतो. तिला जखम झाली आणि जंतू आत शिरले, की तिचं अंगच बारीक बारीक प्रथिनं बनवतं आणि जंतू मारतं. त्यांना म्हणतात पेप्टाइड. मुंगीचं काम सरळ होतं. मेलेल्या जंतूंत सुई बुडवायची, अळीला टोचायची, तीन दिवस थांबायचं, मग तिचं रक्त काढून, गाळून, वाळवून कुपीत बंद करायचं. शेजारी तेवढ्याच न टोचलेल्या अळ्या, तुलनेसाठी. मग जिवंत जंतूंनी सायीसारख्या भरलेल्या प्लेटवर त्या अर्कात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. टिकलीभोवती जंतू मेले, तर तिथे स्वच्छ कडं दिसतं.

मुंगीच्या टिकल्यांभोवती तेरा-चौदा मिलिमीटरचं कडं आलं. तीन खेपा केल्या, तिन्ही वेळा आलं. लेख छापून आला. तिचे मार्गदर्शक, म्हणजे सर, इतके खूश झाले की त्यांनी टोचलेल्या अळ्यांच्या तिन्ही खेपांच्या कुप्या बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवल्या. आत नेमकं कोणतं पेप्टाइड आहे ते शोधा, म्हणून.

तिकडून उत्तर आलं. कुप्यांमध्ये अळीची प्रथिनं होती. आणि प्रत्येक कुपीत एक जुनं, स्वस्त, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं प्रतिजैविकही होतं.

२

सरांकडे आधी गेले. ते टेबलामागे असे बसले होते, जणू घरात कुणाचं बरंवाईट झालंय.

“मावशी, मी स्वतः कुप्या पाठवल्या. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.”

“तुम्ही तिला विचारलंत का?”

“काय विचारायचं? औषध आपोआप कुपीत जातं का? लेखावर माझं नाव पहिलं आहे. मी पत्र लिहून मोकळा झालो.”

“कुठलं पत्र?”

“तिला काढा म्हणून. सर्वांत आधी मीच सही केली.”

मला राग आला. तीन वर्षं पोरगी यांच्या हाताखाली राबली, आणि यांनी तिला समोर बसवून एक प्रश्नसुद्धा विचारला नाही! पण राग वेगळा आणि हिशोब वेगळा. स्वतः फसवणूक केलेला माणूस ती स्वतःच तपासायला पाठवत नाही. शिवाय सरांनी दहा वर्षांत साधी नळी हातात धरलेली नव्हती. सर माझ्या यादीतून गेले.

मग टापटीप. हा मुंगीच्या शेजारच्या टेबलावरचा. पेनसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवतो. पुढच्या वर्षी इथे एकच कायमची जागा निघणार होती आणि ती या दोघांपैकी एकाला मिळणार, हे फरशी पुसणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. बरं, ते प्रतिजैविक याच्याच कपाटात. हा रोज वापरतो.

“मला माहितीये तुम्ही का आलात,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “सगळे माझ्याकडेच बघतायत. मावशी, मला ती जागा हवीय. खोटं कशाला बोलू? पण अशी नकोय.”

“दुसरी खेप केली तेव्हा तू कुठे होतास?”

“प्रशिक्षणाला. सहा आठवडे. हजेरीपट बघा.”

मी पाहिला. खरं होतं. कुप्या वाळवल्या त्याच दिवशी यंत्रानं सीलबंद होतात, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेनं सील शाबूत असल्याचं लिहून दिलं होतं. दुसऱ्या खेपेत हा इथे नव्हताच, आणि औषध तर तिन्ही खेपांत होतं.

म्हणजे उरली मुंगी. मी जिन्यावर थांबून दम खाल्ला. मला बोलावलं ते तिला वाचवायला, आणि मी तर तिचाच फास आवळत चालले होते.

३

तळमजल्यावर अळ्यांची खोली. तिथे राज्य किडेकाकांचं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, मऊ बोलणारा माणूस. अळ्यांना ‘पोरं’ म्हणतो. आम्ही वीस वर्षं एकत्र चहा प्यायलोय.

खोलीत फडताळावर ट्रे. ट्रेमध्ये कोंडा, कोंड्यात पिवळ्या अळ्या वळवळताहेत, वर गाजराचे तुकडे.

“काय खातात हो तुमची पोरं?”

“हे काय, कोंडा. आणि पाण्यापुरतं गाजर. भिंतीवर लावलंय त्याप्रमाणे.” काका ट्रे सरळ करत म्हणाले. “मुंगीताईंचं कळलं. मला जेवण गेलं नाही. फार हळू टोचायच्या हो त्या. पण सुई ती सुईच. टोचलेली पोरं बिचारी कोपऱ्यात दबून बसतात.”

“मग तीन दिवस ती तुमच्याकडेच?”

“माझ्याकडेच. ताई टोचून ट्रे देतात, तिसऱ्या दिवशी घेऊन जातात.”

निघताना दाराशी मला एक वास आला. बारीकसा, सुक्या मासळीचा. माझं नाक अजून शाबूत आहे. कोंडा आणि गाजराच्या खोलीत मासळी कुठून आली? काकांचा डबा असेल, म्हटलं, आणि बाहेर पडले.

जिना चढताना आठवलं, काका तर मासे खातच नाहीत.

४

मंगळवारी मुंगीच्या घरी गेले. दोन खोल्या. तिच्या आईनं दार उघडलं, मला आत घेतलं, आणि पाणी द्यायचं विसरून तशीच उभी राहिली.

“आमच्या सात पिढ्यांत कुणी खोटं कागदावर लिहिलं नाही हो,” ती म्हणाली.

“आई, तू आत जा ना,” मुंगी म्हणाली. तिनं नोंदवही माझ्यासमोर ठेवली. “ही घ्या. प्रत्येक पान लगेच त्याच दिवशी लिहिलंय. मागाहून काही घातलेलं नाही.”

मी वही पहिल्या पानापासून वाचली. पोरीचं अक्षर गचाळ, पण कड्यांचे आकडे स्वच्छ. पहिली खेप : टोचलेल्या चौदा, न टोचलेल्या शून्य. तिसरी खेप : टोचलेल्या तेरा, न टोचलेल्या शून्य. मधली दुसरी खेप पाहिली आणि मी चष्मा पुसला.

न टोचलेल्या : सहा.

“हे काय गं? न टोचलेल्यांना कडं? हे तर तुझ्याच विरुद्ध जातं.”

“हो ना. फार डोकं खाल्लं त्यानं. सरांना दाखवलं, ते म्हणाले अपवाद आहे, सोड. लेखात त्यांनी घेतलं नाही. मी वहीत ठेवलं.”

“खोडलं का नाहीस?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “कडं होतं ना, मावशी.”

माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा प्रकाश पडला. ज्याला कडं बनावटच आणायचं, तो औषध टोचलेल्यांच्या कुपीत घालेल. तुलनेच्या कुपीत घालून स्वतःचाच खेळ कशाला मोडेल? आणि मोडलाच, तर वहीत लिहून कशाला ठेवेल? पोरगी खरी होती. पण मला पोरगी खरी वाटते, असं संचालकबाईंना सांगून भागलं नसतं.

मी पान उलटलं. अळ्यांच्या वजनांचा तक्ता. टोचायच्या आधीचं वजन, तीन दिवसांनंतरचं वजन. तिन्ही खेपांत टोचलेल्या अळ्या न टोचलेल्यांपेक्षा जड. थोड्याथोडक्या नाही, चांगल्या पंचवीस टक्क्यांनी.

“मुंगे, तुला शेवटचा ताप कधी आला होता?”

“हिवाळ्यात. का?”

“तेव्हा अंगावर मांस चढलं होतं की उतरलं होतं?”

तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“जखमी अळी लठ्ठ कशी होईल?” ती पुटपुटली. “तीन वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, मावशी!”

५

दुपारी पुन्हा तळमजला गाठला. काका ट्रे चाळत होते. चाळणीखाली पडते ती अळ्यांची लीद, बारीक वाळूसारखी. काका ती फेकत नाहीत. फाटकाजवळच्या फुलझाडांना घालतात. आणि या इमारतीची शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की लिदेच्या पिशवीवरसुद्धा तारीख आणि ट्रेचा नंबर लिहितात. यावरून आम्ही त्यांची किती थट्टा केली असेल!

“काका, मुंगीच्या तिन्ही खेपांच्या पिशव्या आहेत?”

“आहेत की. वरच्या फळीवर. झाडांना हवीय का तुम्हाला? घेऊन जा.”

सहा पिशव्या. तीन टोचलेल्यांच्या, तीन न टोचलेल्यांच्या. या पिशव्यांना ना मुंगीनं कधी हात लावला होता, ना टापटीपनं, ना सरांनी. त्या असतात हेच कुणाला माहीत नव्हतं. जे अळीच्या पोटात गेलं, ते थोडंफार इथे उतरणारच.

चिमूट चिमूट लीद पाण्यात कालवली, बारीक गाळणीतून गाळली, टिकल्या भिजवल्या. प्लेट मी स्वतः ओतली. दोन वर्षांनी ओतत होते, पण हात विसरले नव्हते. सहा टिकल्या ठेवल्या, सातवी नुसत्या पाण्याची, आणि प्लेट उबेच्या कपाटात सारली.

बुधवारी सकाळी संचालकबाईंना बोलावून त्यांच्यासमोरच कपाट उघडलं. कडं चार टिकल्यांभोवती होतं. तीन टोचलेल्यांच्या, आणि चौथी दुसऱ्या खेपेतली न टोचलेल्यांची. उरलेल्या दोन आणि पाण्याची टिकली, तिन्ही कोरड्या ठाक. मुंगीच्या वहीत जे होतं, तेच लिदेतही होतं.

“म्हणजे औषध कुपीत घातलंच नाही,” संचालकबाई हळू आवाजात म्हणाल्या. “ते अळीतच होतं.”

“अळीला कुणीतरी भरवत होतं.”

आम्ही दोघी जिना उतरलो. माझ्या वीस वर्षांच्या चहाच्या सोबत्याला जाब विचारायचा होता.

६

“काका, टोचलेल्या पोरांना तुम्ही काय देत होतात?”

काकांच्या हातातली चाळणी हलायची थांबली. मग त्यांनी कपाटामागून एक पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. सुक्या मासळीचा वास आला. आत तपकिरी भरड होती.

“कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य आहे. माझ्या मेव्हण्याची शेड आहे ना. पिल्लं आजारली की तो हेच घालतो, दोन दिवसांत उड्या मारायला लागतात.” त्यांनी मान खाली घातली. “टोचलेली पोरं मलूल पडायची. कोंड्यात काय जीव असतो? आजाऱ्याला जरा पौष्टिक द्यावं म्हणून मूठभर घालायचो. फक्त टोचलेल्यांना. धडधाकटांना कशाला?”

“दुसऱ्या खेपेत?”

“तेव्हा जरा उरलं होतं. वाया कुठे घालवायचं, म्हणून दुसऱ्या ट्रेलाही घातलं.”

संचालकबाईंनी डोळे मिटून घेतले. पिल्लं उड्या मारायची, कारण त्या खाद्यात औषध होतं. काकांना ते माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की हे खाल्लं की आजारी जीव बरा होतो.

“मी काय केलं, मावशी?” काका म्हणाले. त्यांना आमच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. “माझ्यामुळे ताईंना...? अहो, मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं!”

अर्धंच खरं होतं ते. मी काय खातात विचारलं, काकांनी भिंतीवरचा कागद सांगितला, कारण बाहेरचं खाद्य आणलं की रागावतात एवढं त्यांना ठाऊक होतं. पण त्याआधी तीन वर्षांत कुणी तेवढंही विचारलं नव्हतं.

“सुटली पोरगी,” संचालकबाई जिन्यात म्हणाल्या.

मी कठडा धरून चढत राहिले. लेखाचं काय होणार ते मला दिसत होतं.

७

मुंगीला आत यायला अजून बंदी होती. ती प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, व्हरांड्यात उभी राहिली आणि मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, मध्येच कपाळ चोळत होती.

“मावशी, अजून एक प्लेट लावाल?”

“आता कशाला? तू सुटलीस गं.”

“खालच्या फ्रीजरमध्ये एक जंतू आहे. हे औषध त्याला लागूच पडत नाही. त्याच्यावर माझ्या इथे उरलेल्या कुप्या लावा. कडं आलं, तर पेप्टाइड खरं आहे. नाही आलं, तर जे होतं ते सगळं कोंबडीच्या खाद्याचं.”

“आणि नाही आलं तर?”

“तर मला कळायला हवं ना.”

ती गप्प बसली असती तर कुणी विचारणार नव्हतं. लेख राहिला असता, निदान वर्षभर तरी. मला तिला म्हणावंसं वाटलं, राहू दे गं. पण चौतीस वर्षं ज्या कामात घालवली, त्याची लाज वाटली आणि मी प्लेट ओतली.

गुरुवारी सकाळी ती व्हरांड्यात माझ्या आधी येऊन उभी होती. मी प्लेट दाराच्या काचेला लावली. पार काठापर्यंत साय पसरलेली, तिन्ही टिकल्यांच्या अगदी कडेला भिडलेली. मुंगीनं काचेवर कपाळ टेकलं आणि मग ती रडली. तीन वर्षं रडली म्हणा ना. मी दार उघडून तिला आत ओढलं आणि जवळ घेतलं, बंदीबिंदी खड्ड्यात गेली.

शुक्रवारी संचालकबाईंच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. बाईंनी बडतर्फीचा कागद सर्वांसमोर टराटरा फाडला. टापटीपनं एवढा मोठा श्वास सोडला की सगळ्यांनी वळून पाहिलं.

उरला लेख. तो मागे घ्यायला हवा होता. सर घसा साफ करून म्हणाले, “‘काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे’ असं लिहू. मोघम ठेवू. कुणाचीच अब्रू जायला नको.”

किडेकाका दाराशी उभे होते. त्यांच्या खिशातून राजीनाम्याचं टोक दिसत होतं.

मुंगीनं कोरा कागद पुढे ओढला आणि लिहायला लागली. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. “अळ्यांच्या खाद्यात प्रतिजैविक होतं. दिसलेला परिणाम पेप्टाइडचा नव्हता, त्या औषधाचा होता. अळ्यांना काय खायला घातलं जातं हे मी तपासलं नाही. दुसऱ्या खेपेतल्या तुलनेच्या अळ्यांनी आम्हाला इशारा दिला होता, तो आम्ही वगळला.”

“आम्ही?” सर म्हणाले.

“तुम्ही म्हणालात सोड, आणि मी सोडलं. म्हणून आम्ही.” तिनं सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. “सर, तुमचं नाव पहिलं आहे. तुमचीही लागेल.”

 मला वाटलं, हा माणूस आता पेन विसरलो म्हणेल. सरांनी कागद दोनदा वाचला. मग खिशातून पेन काढलं.

“मी तुला विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “पत्र लिहायच्या आधी.”

“हो,” मुंगी म्हणाली. “हवं होतं.”

त्यांनी सही केली. मग कागद तिच्याकडे परत सरकवला.

“आता पुढे काय करणार आहेस?” संचालकबाईंनी विचारलं. “तीन वर्षं गेली तुझी.”

“सोमवारी नवी खेप.” मुंगी उठली, दाराशी गेली आणि काकांच्या खिशातला तो कागद तिनं सरळ आत ढकलून दिला. “काका, पुन्हा टोचायचंय. आजारी दिसली, कोपऱ्यात बसली, मरायला टेकली, तरी कोंडाच. वाईट वाटलं तर मला हाक मारायची, मी येऊन बसेन तुमच्याजवळ.”

 काकांनी मान हलवली आणि सोमवारसाठी ट्रे धुवायला खाली गेले.